पाव्हण्याच्या कॅसेटी आणि आप्पांचं रजिस्टर

खोली भाड्यानं देताना मालक लोक सहसा लग्न झालंय का, पाहुणेरावळे किती येतात, असलं विचारतात. आमच्या आप्पांनी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, "कायबी बोला."

"काय बोलू?"

"कायबी. शाळंत काय शिकवता ते सांगा."

मी नुकताच शिरूरच्या एका शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो होतो. एम.ए. झालोय, पुण्यात शिकलोय, सध्या मित्राच्या खोलीवर पडून आहे, असं काहीबाही सांगत राहिलो. आप्पा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमाला शिरूरात ऱ्हायचं न्हाई. सारखी वढ पुण्याकडं हाय. पण आवाज स्वच्छ हाय. वरची खोली घ्या."

बदलीचा अर्ज मी आठवड्यापूर्वीच टाकला होता. हे यांना कुणी सांगितलं, याचा विचार करत मी ट्रंक वर नेली. कुणीच सांगितलेलं नव्हतं.

आप्पांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि परत पाठवायचं. त्या वार्निशचा वास माझ्या उशीलासुद्धा यायचा. दुसरा कुठलाही मेकॅनिक मोटारीला आधी मीटर लावतो. आप्पा एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. अर्धं मिनिट.

"वायंडिंग चांगलं हाय. मागलं बेअरिंग गेलंय. आन् पंप कोरडा चालवलाय, खोटं बोलू नगा."

समोरचा शेतकरी ओशाळून हसायचा.

त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. वडिलांनी निमोण्यात जमीन करायला घेतली. धुकं पडलं की आजा नुसत्या खोकल्यावरनं मेंढरू ओळखायचा, असं आप्पा सांगायचे. ते खरं की खोटं देव जाणे, पण आप्पांचा कान मी स्वतः सोसलाय. मी जिना चढायला लागलो की माझ्या पावलांवरनं ते खालून ओरडायचे, "सर, आज हेडमास्तर बोलला व्हय?" आणि हेडमास्तर बोललेला असायचाच. अशा माणसाच्या डोक्यावर राहणं सोपं नव्हतं.

ते बसलेले मला आठवतच नाहीत. चहासुद्धा दुकानात फेऱ्या मारत प्यायचे आणि कप कुठं ठेवला ते विसरायचे. त्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, रोज संध्याकाळी मोटारींच्या मागून कप गोळा करत हिंडायच्या. "ह्यांच्या पायात घुंगरं बांधाय पायजेत," म्हणायच्या, "म्हंजी कुठं हायेत ते तरी कळंल."

आता पाव्हण्याचं सांगायला हवं. मी राहायला येण्याच्या वर्षभर आधी रांजणगावच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं होतं आणि ते बसवायला तिकडचाच एक इंजिनिअर आला होता. यंत्र चालू केलं की हादरायचं. सगळ्यांचा संशय मोटारीवर, म्हणून आप्पांना बोलावणं गेलं. आप्पांनी आपला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि सांगितलं, "मोटारीचा काय दोष न्हाई. आत गिअरचा एक दात गेलाय." उघडून बघितलं तर खरंच एक दात तुटलेला. दुसऱ्या दिवशी तो गोरा माणूस जीप घेऊन दुकानात आला. काकूंच्या हातची भाकरी खाल्ली, स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावून पाहिला, आणि जाताना एक कॅसेट ठेवून गेला. त्या दिवसापासून तो आप्पांचा पाव्हणा झाला.

पाव्हणा पोटापाण्यासाठी इंजिनिअर होता, पण त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. बटणांची, तारांची यंत्रं जोडून त्यांच्यातून नाना तऱ्हेचे आवाज काढायचे आणि त्यांचं गाणं करायचं. गाणं म्हणजे तबला-पेटीचं नव्हे. तो आणि त्याचे दोन-चार दोस्त मिळून असल्या कॅसेटी काढायचे. लोक ऐकायचे, छान म्हणायचे आणि दुसऱ्या विषयाकडं वळायचे. "तुम्ही यंत्राबद्दल सांगितलंत तसं याबद्दल सांगा," असं त्यानं दुभाष्याकडून आप्पांना सांगितलं होतं. पुढं वर्षातून दोनदा पार्सल यायला लागलं. आधी कॅसेटी, मग सीड्या. पाठवायचा त्याचा एक दोस्त, स्वतःच्या दुकानातून, आणि आमची उत्तरंही त्याच पत्त्यावर जायची.

सगळं शिरूर वीज येण्याची वाट बघायचं तेव्हा आप्पा वीज जाण्याची वाट बघत. वीज असली की ट्यूबलाइट, पंखे, शेजारची गिरणी, रस्त्यापलीकडचा ट्रान्सफॉर्मर, सगळं गुणगुणत असतं आणि त्यात पाव्हणा नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं की ते शटर अर्ध्यावर ओढायचे आणि जीपमधून काढलेला टेप, पुढं सीडीचा प्लेअर, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडायचे. स्पीकर वार्निशच्या रिकाम्या डब्यांत बसवलेले. मग फेऱ्या सुरू. एखाद्या जागी थबकायचे, कपाळाला आठ्या घालायचे, पुन्हा चालायला लागायचे.

पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मी वर पेपर तपासत होतो. आधी वाटलं गिरणीचा पट्टा घसरतोय. मग एक लांब आवाज, जराही न हलणारा. मग त्याच्या खाली दुसरा. मग पत्र्यावर खडे पडावेत तशी खडखड. ना ताल, ना शब्द. दहा मिनिटांत मला एका जागी बसवेनासं झालं. खाली जावं, बाहेर पडावं, कुणाशी तरी भांडावं, काय करावं कळेना. शेवटी घोड नदीच्या पुलापर्यंत तरातरा चालत जाऊन आलो. परत आलो तरी चालूच होतं.

"आप्पा, हे संगीत आहे?"

"ते मला काय म्हायती," आप्पा फेरी न थांबवता म्हणाले. "चालू हाय एवढं खरं."

ऐकून झालं की ते दुकानाचं रजिस्टर उघडायचे. त्यात प्रत्येक मोटारीची नोंद असायची: गाव, एचपी, तक्रार, काय निघालं. पाव्हण्याच्या गाण्यांची नोंदही त्यातच, निमोणे, गुनाट, न्हावरे यांच्या मोटारींच्या मधोमध. गावाच्या रकान्यात "परदेश". एचपीचा रकाना रिकामा. ती पानं मला अजून पाठ आहेत.

"पाव्हणा, राखाडी कॅसेट. तक्रार: एकच आवाज, चाळीस मिनटं. लोड न्हाई, रिकामी चालतीया. काय निघालं: बंद करू वाटत न्हाई. मधी कुणीतरी लांब पाणी सोडलं, तितं बरं वाटलं. शेवटाला घाई केली."

"पाव्हण्याचा मैतर. तक्रार: कट कट कट. काय निघालं: आतला कार्बन घासून झिजलाय. मुद्दाम झिजवला आसंल तर काम चांगलं. चुकून झिजला आसंल तर कळवावं."

"पाव्हण्यासंगची बाई. तक्रार: न्हाई. काय निघालं: मेंढरं बसल्यावर आख्खा कळप श्वास घेतो तसं. ही बाई जनावरात राहिल्याली हाय."

"पाव्हणा, निळी. तक्रार: सारखा उठतोय, बसतोय. काय निघालं: ह्याला झोप लागत न्हाई. दवाखान्यात दावावं."

हे सगळं इंग्रजीत लिहून पाठवायचं काम माझ्याकडं होतं. भाडेकरू इंग्रजीचा मास्तर निघाला याचा आप्पांना कोण आनंद झाला होता. रजिस्टर काखेत मारून ते जिना चढून यायचे आणि माझ्या खोलीत फेऱ्या मारत वाचून दाखवायचे. मी मान डोलवायचो, टिपणं घ्यायचो. आणि ते खाली गेले की माझं पत्र लिहायचो.

मी काय लिहायचो? आपले संगीत अत्यंत श्रवणीय आहे. आपल्या कलेचा दर्जा उच्च आहे. आमच्या मनास अपार शांती लाभली. आपला कृपाभिलाषी. एका परदेशी माणसाला "तुझा कार्बन झिजलाय" असं लिहायचं? "दवाखान्यात जा" म्हणायचं? मला लाज वाटायची. आप्पांची वाटायची, शिरूरची वाटायची, आणि खरं सांगायचं तर त्या पत्राखाली माझं अक्षर असायचं म्हणून माझी वाटायची. मी आप्पांची अब्रू राखतोय अशी माझी समजूत होती. प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी मी फाइलला लावत होतो, इतकं मला माझं इंग्रजी आवडत होतं.

मग ती पांढऱ्या पाकिटातली सीडी आली. आप्पांनी ती सलग चार दुपारी ऐकली. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "सर, पाव्हण्यानं गाव बदललंय."

"गाव?"

"गाण्याच्या बुडाला एक बारीक गुणगुण आसती. त्यानं केल्याली न्हाई, त्याच्या घरातल्या करंटची. आदीच्या समद्या कॅसेटीत ती आपल्यावानी हुती. ह्यात वर चढलीया. आन् खोली रिकामी हाय. सामान कमी, आवाज फिरून येतोय. पाव्हणा एकटा हाय."

मी हसलो. आप्पांना माझं हसू खपलं नाही. रविवारी त्यांनी मला मोटारसायकलवर मागं बसवलं, मांडीवर सीडीचा प्लेअर, स्पीकरचा डबा आणि बॅटरी दिली आणि थेट राहू गावाला नेलं. तिथं त्यांच्या बहिणीचं घर होतं आणि दाजींनी विहिरीवर नुकताच डिझेलचा जनरेटर बसवला होता. जनरेटर म्हणजे बारीकसं वीजघरच, इंजिन पळवाल तशी वीज. त्याच्यावरच्या मीटरच्या डबीत बारीक पत्त्या होत्या. विजेची गती जेवढी तेवढ्या आकड्याची पत्ती थरथरायची. आप्पांनी जनरेटर चालू केला. पन्नासची पत्ती थरथरायला लागली.

"ही आपली. आता ऐका," म्हणाले, आणि पाव्हण्याची सीडी लावून इंजिनाचा वेग वाढवायला लागले. जनरेटरची गुणगुण हळूहळू वर चढत गेली. दाजी घरातून धावत आले.

"आवं आप्पा, मोटार बगाय आलाय का वरात काढाय? ते बलब बगा की कसं पेटल्यात!"

"दाजी, दोन मिनटं गप ऱ्हावा."

"गप कसा ऱ्हाऊ? जनरेटर माझा हाय!"

तेवढ्यात गोठ्यातला बल्ब फट् करून फुटला आणि म्हशीनं दावं ओढलं. पण त्याच क्षणी त्या दोन गुणगुणी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मलाही ते ऐकू आलं. माझ्यासारख्याला! पत्ती साठवर थरथरत होती.

"साठ," आप्पा म्हणाले. "एक डाव अमेरिकंची मोटार आली हुती माझ्याकडं, तिच्या पाटीवर साठ लिवल्यालं. पाव्हणा तितं गेलाय. काय झालं आसंल वो? घर सोडून ह्या वयात?"

बहिणीनं आम्हाला जेवायला वाढलं, पण आप्पा ताटावर बसेनात. वाटी हातात घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले. "इचारा त्याला सर. एवढं नक्की इचारा."

मी विचारलं नाही. स्वतःच्या कानांनी ऐकूनही विचारलं नाही. राहूच्या गोठ्याशेजारी जनरेटर पळवून आम्ही तुमचा पत्ता काढला, असं लिहिणार कसं? आणि कुणाच्या एकटेपणात नाक खुपसणं मला असभ्य वाटलं. मी लिहिलं की नव्या सीडीतला खर्जाचा भाग विशेष भावला. ते सातवं पत्र.

त्याला उत्तर आलं. पाव्हण्याच्या हातचं, अर्ध्या पानाचं. तुमच्या प्रेमळ पत्रांबद्दल आभार, असं वर होतं. खाली होतं की माझ्या ओळखीचे सगळेच प्रेमळ आहेत. तुम्ही एका मिनिटात माझ्या यंत्राचा तुटलेला दात ओळखलात, म्हणून वाटलं होतं की माझ्या कामातला दातही तुम्हीच दाखवाल. तसं काही नसावं. तुम्ही मोटारीच ऐकता, चूक माझी झाली. आता मी पार्सल पाठवणार नाही. बहुधा पुढं काही करणारही नाही.

आप्पा समोर फेऱ्या मारत होते. "काय म्हंतोय पाव्हणा?"

"तो... कामात आहे," मी म्हणालो. "सवड झाली की पाठवीन म्हणतो."

आप्पांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग खाली गेले.

त्यानंतरचं दीड वर्ष मला कुणी परत जगायला सांगितलं तर मी नाही म्हणेन. आप्पा दर दोन दिवसांनी पोस्टात जाऊन यायचे. लोडशेडिंग झालं की शटर ओढायचे, जुन्याच कॅसेटी लावायचे आणि अर्ध्यावर बंद करायचे. फेऱ्या वाढल्या. आणि गंमत अशी की ते आवाज नसले की आता मलाच वर चैन पडेनासं झालं होतं. एक दिवस ते जिन्यात थांबून म्हणाले, "सर, माझंच तोंड वंगाळ. झोप लागत न्हाई, दवाखान्यात दावा, असलं लिवाय नको हुतं. त्याला लागलं आसंल. माणसाला आसं तोंडावर बोलू न्हाई."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं नसेल हो आप्पा."

आप्पांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. रजिस्टरात काय निघालं या रकान्यात "बरं हाय" असं दिसायला लागलं. "पंप कोरडा चालवलाय" हे वाक्य दुकानात ऐकू येईना. गिऱ्हाईक खूश, काकू मात्र घाबरलेल्या. "ह्यांनी कालपासनं एकदाबी कुणाला खोटं बोलू नगा म्हनलं न्हाई," त्या मला म्हणाल्या, "डाक्टर बगावा का?"

मग निमोण्याहून त्यांचा चुलत भाऊ मोटार घेऊन आला. आप्पांनी मूठ कानाला लावली. मी पायरीवर चपला घालत होतो, मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "चालंल की अजून." भाऊ मोटार घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी ती जळाली, आणि ऐन पोसायला आलेल्या कांद्याचं पाणी आठवडाभर तुटलं. भाऊ दुकानात येऊन उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आप्पा, तुला ऐकू आलं न्हाई व्हय?" एवढंच त्यानं विचारलं.

"आलं हुतं," आप्पा म्हणाले.

"मंग?"

स्क्रू ड्रायव्हर फडक्यात गुंडाळून आप्पांनी खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

मी वर गेलो, फाइल घेतली आणि खाली आलो. लोडशेडिंग होतं, दुकान शांत होतं. पाव्हण्याच्या शेवटच्या पत्रात खरं काय होतं ते मी सांगितलं. का होतं तेही सांगितलं. आप्पा म्हणाले, "तुम्ही काय लिवलं हुतं ते वाचा." मी माझी पत्रं एकेक करून मराठीत वाचून दाखवली. अत्यंत श्रवणीय. अपार शांती. कृपाभिलाषी. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यासमोर न हलता उभे होते. सातवं संपलं तेव्हा म्हणाले, "सातीच्या साती येकच हायेत. आन् येकातबी तार भरल्याली न्हाई. नुसत्या बॉड्या."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली आणि शटर वर ढकलून बाहेर निघून गेले. अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात माझी पावलं वाजली की खालची हातोडी थांबायची, आणि मी वर पोचलो की पुन्हा सुरू व्हायची. बाराव्या दिवशी काकू रजिस्टर घेऊन वर आल्या. "ह्येनी सांगितलंय, हाय तसं लिवा. आपलं काय घालू नगा."

मी चार रविवार त्याच कामाला बसलो. शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती, पण इंग्रजी म्हणजे काय ते मला त्या चार रविवारांत कळलं. "रिकामी चालतीया" हे कसं लिहायचं? "तितं बरं वाटलं" यातलं बरं म्हणजे नेमकं किती बरं? अडलो की खाली जाऊन विचारायचो. आप्पा माझ्याकडं न बघता सांगायचे. राहूचा जनरेटर लिहिला, फुटलेला बल्ब लिहिला, साठची पत्ती लिहिली. "काय झालं आसंल वो, घर सोडून ह्या वयात?" हेही लिहिलं. शेवटी माझ्या नावानं दोन ओळी घातल्या, की आधीची सात पत्रं माझी होती, यांची नव्हेत. जाड पाकीट झालं. पोस्टात टाकलं.

आणि इतकी वर्षं अडलेली माझी बदली नेमकी तेव्हा झाली. पुण्याला नव्हे, दौंडला. सामान टेम्पोत चढवताना आप्पा एका मोटारीवर वाकलेले होते. मी येतो म्हणालो. "व्हय," म्हणाले. मान वर केली नाही. पण जाताना मला एवढं दिसलं की खण उघडा होता आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात होता.

दौंडला रेल्वेलाइनीजवळ मला खोली मिळाली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शिरूरहून काही निरोप नाही. मी दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि फाटकाशी आप्पा दिसले. न्हावऱ्यावरून, चौफुल्याला गाडी बदलून आले होते. काखेत पार्सल, दोरीसकट न उघडलेलं.

"हे इंजान कवापासनं चालू हाय वो?" स्टेशनाकडं बोट करून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं. "लोड न्हाई, काय न्हाई. रिकामं का चालवत्यात?"

खोलीवर आलो. पाणी प्यायले, फेऱ्या सुरू झाल्या. मी दोरी सोडली. आत एक सीडी होती आणि चार पानी पत्र. मी मराठीत वाचायला लागलो.

पाव्हण्यानं लिहिलं होतं की रजिस्टर त्यानं उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. साठच्या पत्तीशी थांबला. त्याची बायको वारली, ते घर त्याला खायला उठलं, म्हणून तो अमेरिकेत एका भाड्याच्या खोलीत जाऊन राहिला होता. पार्सलं पाठवणाऱ्या दोस्ताशिवाय हे त्यानं बरेच दिवस कुणाला कळवलं नव्हतं, सख्ख्या भावालासुद्धा. ती सीडी तिकडं पुष्कळ लोकांनी ऐकली. छान म्हणाले. खोलीत सामान कमी आहे, असं कुणाला ऐकू आलं नाही. झोपेचंही खरं होतं. तो दवाखान्यात जाऊन आला. कार्बन मुद्दामच झिजवला होता, असं मित्र कळवतो. त्या बाईंच्या बाबतीत मात्र तुम्ही चुकलात, त्या कुत्र्यालासुद्धा घाबरतात.

"तिला म्हणावं नीट आठव," आप्पा फेरी मारता मारता म्हणाले. "ल्हानपणीचं आसंल."

शर्टाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले, उघडउघड, न लपवता. मी पुढं वाचलं. नवीन सीडी पाठवतोय, पुन्हा काम सुरू केलंय, तक्रार कळवावी. आपला, वगैरे. मी पत्राची घडी घातली.

आप्पा थांबले.

"मधी तुमचा आवाज बदलला. काय गाळलं?"

मी घडी उघडली. एक ओळ गाळली होती खरी. वाचली: "तुमच्या सरांना सांगा, त्यांची पहिली सात पत्रं मी फेकून दिली. आठवं जपून ठेवलंय."

"हां," आप्पा म्हणाले. "आता समदं आलं."

बाहेर ते इंजिन अजून रिकामंच चालू होतं. मला राहवेना. मी विचारलं, "आप्पा, शिरूरात इंग्रजी वाचणारे पन्नास जण आहेत. पोस्टमास्तरनं वाचून दिलं असतं. मी तुम्हाला पाच वर्षं फसवलं. तरी दोन गाड्या करून माझ्याकडंच कशाला आलात?"

आप्पांनी नवी सीडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि जपून खिशात घातली.

"तुमच्यातला बिघाड आता मला म्हायती झालाय, सर," ते म्हणाले. "नवा माणूस घेतला तर त्याचा कुठं हुडकत बसू?"